चाळीस सेकंद

प्फोर्त्सहाइमच्या मागच्या गल्लीत
दुकान म्हणजे एक खिडकी आणि एक घंटा.
आत बीकर. बीकरमध्ये कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी.
त्याची किंमत फोल्कमार राऊ
शिकाऊ माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचा
आणि म्हणायचा, "थरथरू दे हात. आज एकदाच."

मी थरथरले होते.

पांढरं सोनं म्हणायचं, पण ते पांढरं नसतं.
पिवळ्यात पॅलेडियम घालून घालून
शेवटी रंग येतो जुन्या दाताचा.
त्यावर हे ऱ्होडियमचं पाणी चढवायचं.
एका केसाच्या जाडीचे दोनशे पापुद्रे काढा,
त्यातला एक.
तेवढ्यावर शहरातली अर्धी लग्नं चकाकतात.

घासून जातं. जाणारच.
कुठून जातं, ते मात्र ज्याचं त्याचं.
फोल्कमार अंगठी भिंगाखाली धरायचा आणि वाचायचा:
हा बेकरीवाला, कणकेनं चहूबाजूंनी सारखी खाल्लीय.
ही बोटातल्या बोटात फिरवत बसते, रात्रीसुद्धा.
ह्याची आतून झिजलीय,
म्हणजे काढतो, घालतो, काढतो.
"पण बोलायचं नाही, नुरदान.
आपण काय पाद्री आहोत?"

फ्राऊ केम्फ बस चालवते.
दर ऑक्टोबरात, घड्याळं मागे करायच्या आठवड्यात,
आमच्याच बेसिनवर साबण लावून
उजव्या बोटातून अंगठी ओढून काढायची.
तळहाताच्या बाजूला मसुरीएवढा पिवळा डाग,
स्टिअरिंगनं केलेला. अकरा वर्षं
तोच डाग, त्याच जागी.
नवरा बाहेर गाडीत, इंजिन चालू ठेवून.

या वर्षी तिनं अंगठी
चष्म्याच्या डबीतून काढली.

फोल्कमारचे डोळे आता अधू झालेत.
भिंग माझ्याकडे असतं, तो मागून विचारतो.
"कुठे?"
मी फिरवली. पुन्हा फिरवली.
आत, बाहेर, कडेला.
गेल्या ऑक्टोबरात आम्ही दिली होती तशीच,
आमच्याच कापडाचा एक धागा कोंदणात अडकलेला.
"कुठेच नाही," मी म्हणाले,
आणि बोलून गेल्यावर मला ऐकू आलं मी काय बोलले ते.

हीटर घुमत होता.
तिनं उजवा हात ओव्हरकोटाच्या खिशात घातला.
सावकाश. पण मला दिसलं होतं,
बोटावरचा फिका वळसुद्धा भरून आला होता.
"नेहमीसारखंच करा," ती म्हणाली.

फोल्कमारनं अंगठी माझ्या हातातून घेतली.
गरम साबणात धुतली, वाफेवर धरली,
आम्लात बुडवली, शुद्ध पाण्यातून दोनदा काढली.
एक पायरी गाळली नाही.
तांब्याच्या आकड्याला अडकवून बीकरमध्ये सोडली
आणि मोठ्यानं आकडे मोजू लागला,
एरवी तो मनात मोजतो.

यंत्राचा काटा शून्यावर होता.

बटणाला त्यानं हातच लावला नव्हता.
सतरा, अठरा. अंगठी नुसती लोंबकळत होती
कोऱ्या चहात, काही न घेता, काही न देता.
एकोणचाळीस. चाळीस.
पुसून त्यानं ती दिव्याखाली धरली.
तिनं मान वाकडी करून पाहिलं, बराच वेळ.
"हं," म्हणाली. "आता बरी झाली."

पैसे त्यानं पूर्ण घेतले.
पाच युरो कमी घेतले असते
तरी तिला कळलं असतं.

घंटा वाजली, दार लागलं.
बाहेर कुठलंच इंजिन चालू नव्हतं.
ती चालत गेली, एन्झ नदीच्या बाजूला,
जिकडे तिची बस जात नाही.

"वहीत लिही," फोल्कमार म्हणाला.
मी लिहिलं: केम्फ. अंगठी एक. ऱ्होडियम. चाळीस सेकंद.
पुढचा रकाना व्होल्टचा.
त्याच्याकडे पाहिलं, तर तो बीकरवर झाकण ठेवत होता,
कधी नव्हे इतका काळजीपूर्वक.

मी अडीच लिहिलं. नेहमीसारखंच.