पेर न् पेर

किल्ली आधी कंबर विचारते.
गाठ एक, की दोन?
दोन असतील तर सव्विसाव्या ओळीवर जा.
मिशीची पेरं मोजा. दहा, अकरा, की बारा?
बारा. मग पुढं.
जबड्याला दात किती?
असं एक दार उघडत, मागचं लावत
मी बाविसावा दिवस त्या एकाच मुंगीत राहत होते.
बाहेर नागपूर शेहेचाळीसवर.

तीन मिलिमीटरची. गोरेवाड्याच्या पलीकडून
ऐनाच्या झाडाखालचा कुजका पाला पोत्यात भरून आणला,
चाळला, बल्बखाली वाळत ठेवला.
उष्म्याला पाठ करून जे जे जिवंत ते खाली सरकतं
आणि स्पिरिटच्या बाटलीत पडतं.
हे मला कधीच सोपं गेलं नाही.
कुणाला सांगितलंही नाही.
चाळीस पोती झाली. तिच्यासारखी ती एकटीच पडली.

सुकरू उईके, वनखात्याचा चौकीदार, भिंगातून बघून म्हणाला,
"हे तं पान्याच्या आंधी निघते, अंडे तोंडात धरून.
माहा बाप इले पाहूनच कवेलू फेरे."
नावही सांगितलं त्यानं, त्याच्या भाषेतलं.
मी तीनदा म्हणायला लावलं, तीनदा लिहिलं,
तिन्ही वेळा वेगळं.
मग 'स्थानिक नाव' या रकान्यात आडवी रेघ मारली.
ती रेघ मला अजून दिसते.

शेवटच्या दाराशी दोनच पर्याय होते.
पोटावर उभे केस, किंवा पोट गुळगुळीत.
हिचे केस आडवे होते,
वाहत्या पाण्याखालच्या गवतासारखे,
आणि असं कुणीच लिहून ठेवलेलं नव्हतं.
म्हणजे दार नव्हतंच तिथं. भिंत होती,
आणि भिंतीपलीकडे ती.
त्या दिवशी मी शेषरावांना सगळ्यांसाठी तर्री-पोहे आणायला लावले.
कशाबद्दल, ते बोलले नाही.

शनिवारी पुठ्ठ्याच्या त्रिकोणाच्या टोकावर,
सुईच्या अणीएवढ्या डिंकावर तिला बसवली.
खाली चिठ्ठी. तारीख, ऐन, कुजका पाला, सु. उईके.
डिंक वाळावा म्हणून पेटीचं झाकण किलकिलं ठेवलं.
रविवारी लाइट गेली.

सोमवारी डिंक होता.
डिंकात एक पाय होता. चिठ्ठी होती.
आणि टेबलाच्या कडेवरून, साखरेच्या डब्याला वळसा घालून
खिडकीच्या चौकटीत शिरणारी
एक बारीक पिवळसर रांग,
कुणाकडंही न बघता कामावर निघालेली.
"काही नाही मॅडम, घरच्याच मुंग्या आहेत,"
शेषराव म्हणाले, आणि फडकं उचललं.

थांबा, म्हटलं.

चौदा वर्षं माझ्या चहाच्या कपाभोवती फिरत होत्या.
आज एकीला भिंगाखाली घेतलं.
गाठी दोन. पेरं बारा, शेवटची तीन फुगीर.
दारं भराभर उघडली,
अंधारात आपल्याच स्वयंपाकघरात चालावं तशी.
नवं काही नाही. ही जगभर असते,
जहाजात, बेकरीत, दवाखान्यात खाटेखाली.
तरी चिठ्ठी लिहिली:
नागपूर, तिसरा मजला, साखरेच्या डब्यामागे.
'सवयी' असा एक रकाना असतो. त्यात लिहिलं,
मेलेलं वाया घालवत नाही.

पाय स्पिरिटमध्ये ठेवलाय.
एका पायाचं वर्णन कुणी छापत नाही, ठाऊक आहे.

सुकरूला फोन लावला. रेंज नव्हती, मग आली.
"पोते आणू का मॅडम? त्याच ऐनाखालचे?"
आणा, म्हटलं. आणि ऐका,
ते नाव परत एकदा सांगा.
घाई नको. मधे मधे थांबा.
मला त्याची पेर न् पेर मोजू द्या.