या बाजूला पानं नकोत

माझ्या मिक्सरचं चटणीचं भांडं
आण्णांनी परवा न विचारता नेलं
आणि त्यात स्पंज वाटला.
भांडी घासायचा, तुळशीबागेतला, डझनावर घेतलेला,
हिरव्या पोस्टर कलरमध्ये बुडवून
गॅलरीत दोन दिवस वाळवलेला.
मी म्हटलं, आता खोबरं कशात वाटू?
म्हणाले, खोबरं पाट्यावर वाटता येतं.
पानं नाही येत.

कर्वेनगरात, दुसऱ्या मजल्यावर, पाटा कुठला?

झाड जेवणाच्या टेबलावर उभं आहे, वीतभर.
आधी नुसती तार होती,
टेलिफोनच्या केबलची, पन्नास जोड्यांची.
एकतीस वर्षं खड्ड्यात उकिडवं बसून ज्यांनी ती जोडली
त्यांच्या बोटांना पीळ अजून पाठ आहे.
बुंध्याशी सगळ्या एकत्र,
मग वीस, मग सात, मग दोन,
मग एकेक तार एकटी
जाईल तिथवर गेलेली.
प्लास्टिक सोलताना आण्णा पुटपुटत होते
निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी,
जोड्या ओळखायचा तो क्रम.
निहारला परवचा येत नाही,
हे मात्र येतं.

साल म्हणून फेविकॉल, सुताराकडचा भुसा
आणि माझ्या चहाचा चोथा.
(घरात हल्ली चहा जास्त होतो. कारण कळलंय मला.)

रंगाच्या दिवशी निहारनं तपकिरी बाटली पुढे केली.
"ते वहीतलं झाड," आण्णा म्हणाले,
"रस्त्यावरचं राखाडी असतं."
काळा, पांढरा, पिवळ्याचा एक ठिपका,
ब्रश पेपरावर पुसून पुसून
जवळजवळ कोरडा केला
आणि सालीवरून नुसता फिरवला, हात न टेकवता,
जसं तापलेल्या पोराचं कपाळ बघतात.
उंचवटे उजळले. भेगा तशाच राहिल्या, काळ्या.

मग मुळं रंगवायला घेतली.
मी म्हटलं, ती तर मातीत जाणार, दिसणार कुणाला?
"मला झाडं खालूनच माहीत आहेत गं.
लॉ कॉलेज रस्त्याचा शिरीष हा.
याचं मूळ आमच्या डक्टमध्ये शिरलेलं, मनगटाएवढं.
अर्ध्या एरंडवण्याचे फोन दोन दिवस मुके."
कापलंत?
"केबल वळवली.
साहेबाला सांगितलं, दगड लागला."

त्या रस्त्यावरून मी रोज जाते स्कूटीवर.
सिग्नलला पाय टेकते तिथे
आता दुपारी बाराला ऊन असतं.
हे आण्णांना माहीत आहे की नाही
ते मी विचारलेलं नाही.

शेवटी पानं.
चिकटायला माझा हेअरस्प्रे,
नणंदेच्या लग्नात एकदाच मारलेला.
चहाची गाळणी (तीही गेली)
आणि वरून हलकं हलकं टिचकी मारत
हिरवा भुगा.
निहार श्वास धरून बसला होता.
फांदी फांदी धूसर झाली, मग दाट,
मग एकदम झाड झालं.
कसं झालं ते सांगता येणार नाही. मी कणीक तिंबत होते,
वळून पाहिलं तर होतं.

फक्त एका अंगाला तार उघडी,
नीट, उभी, कैचीनं कातरल्यासारखी पोकळी.
निहारनं तिथे गाळणी नेली
तर आण्णांनी मनगट धरलं.
"या बाजूला पानं नकोत.
इथून आमची लाईन जायची.
दर मे महिन्यात मीच छाटायचो."

झाड आता टीव्हीशेजारी आहे.
भांडं मी तीनदा घासलं,
तरी चटणी जरा जास्तच हिरवी झाली.
आण्णा दोनदा मागून जेवले.

उरलेला भुगा लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरलाय,
झाकणावर चिकटपट्टी,
आणि तिच्यावर, खात्याच्या रजिस्टरात लिहायचे त्या अक्षरात,
शिरीष. पूर्व बाजू. शिल्लक.