पान सापडले नाही

बंद पडलेल्या टायपिंग क्लासच्या लिलावात
अठराशे रुपयांना मिळाला हा डबा.
पंखा पासोड्या विठोबाजवळून, दीडशेचा,
घासाघीस करून एकशे चाळीसला.
घरात मोकळा प्लग एकच, देव्हाऱ्याखाली,
म्हणून माझा सर्व्हर
समईपासून दीड हातावर घरघरतो.
खंडेनवमीला वृषालीने त्यालाही हळदकुंकू वाहिलं.
यूएसबीच्या खाचेत अडकलेली एक अक्षत
मी अजून काढलेली नाही.
चालू आहे तोवर चालू द्यावं.

दिवसा मी शिवण्याला गॅस्केटचं स्टोअर सांभाळतो.
रात्री ओटा पुसून झाला
की वेबसाइटी करतो. कुणी सांगितलेल्या नसतात.
एक सांगते, आज पाणी आहे की गुरुवार आहे.
एक मोजते, आमच्या सोसायटीची लिफ्ट
बंद पडून किती दिवस झाले.
आकडा तीन घरांत मावेना,
तेव्हा मुकाट्याने चौथं घर वाढवलं.
एक होती भाजीच्या भावांची,
पण तिच्यासाठी रोज मंडईत जावं लागतं
हे जरा उशिराच लक्षात आलं.
आणि एक अर्धवट: कर्वेनगर ते शिवणे,
आज कुठला रस्ता कमी खणलाय.
ती पूर्ण होणार नाही. रस्तेच होत नाहीत.

कोंढव्याचा इलियास माझा कोड वाचतो
आणि मधेच शेरे मारून ठेवतो, तपासनिसासारखे:
"ही ओळ का चालते ते देवाला माहीत.
देव शेजारीच आहे. विचारून घे."

रोजचे वाचक तीन.
मी, इलियास, आणि कुणीतरी
जे बरोबर पत्त्यावर कधीच येत नाही.
लॉगमध्ये नुसतं ४०४, ४०४,
आणि दर वेळी त्यांना माझी पाटी दिसत असणार:
"पान सापडले नाही.
चूक तुमचीच असेल. चष्मा लावून बघा."
मला वाटलं हल्ला होतोय,
रशियातून वगैरे. छाती थोडी फुगलीच.
मग एका रविवारी ते पत्ते नीट वाचले:

/दूध-फाटलंय
/चष्मा-लावलाय-आता-बोल
/लिफ्टवाल्याला-फोन-कोण-करणार
/कुकर-लावलाय-तीन-शिट्ट्यांनी-बंद-कर

येणाऱ्याचा आकडा आमच्याच वायफायचा,
शेवटी सात.
सात म्हणजे वृषालीचा मोबाईल. भिंतीपलीकडून.

मी काही बोललो नाही.
फाटलेल्या दुधाच्या पत्त्यावर एक पान ठेवलं:
"पनीर कर."
रात्री नवी नोंद: /करणार-कोण
तिथे लिहिलं, "प्रश्न या खात्याच्या कक्षेबाहेरचा आहे."
स्वयंपाकघरातून हसू आलं, एकदाच,
शिट्टी व्हायची आणि अर्ध्यात विरावी तसं.

दोन वर्षं झाली याला.
जेवताना यातलं अवाक्षर निघत नाही.
आमटीतलं मीठ, मुलीची फी, तिच्या आईचा गुडघा.
इलियासने एकदा विचारलं,
ही बावन्न पानं कसली रे, मेनूत कुठेच नाहीत?
म्हटलं, चाचणीची आहेत.

परवा डोमेनची मुदत संपत आली. नऊशे रुपये.
लिफ्ट दुरुस्त झालेली (खरंच, मलाही धक्का बसला),
पाणी गुरुवारी जातं हे पोराटोरांना पाठ.
बंदच करावं म्हणून बसलो.
बसलो ते पावणेदोन वाजले.
पडद्यावर एक ओळ सरकली:

/झोप-आता
४०४

नऊशे भरले.
ते पान मात्र केलं नाही.
देव्हाऱ्याखालचा हिरवा ठिपका तसाच ठेवून
आत गेलो, तर ती मोबाईल उशीखाली सारून
गाढ झोपलेली.
नाटक तसं बरं होतं,
फक्त चष्मा काढायचा राहिला होता.