तिसरा एक्सपोर्ट

पहिल्यांदा चित्रच आलं नाही.
नरसम्माचा प्लेअर जुना,
विडी घरकुलात हप्त्यावर घेतलेला.
माझी फोर-के फाइल बघून
तो एवढंच म्हणाला: फॉरमॅट चालत नाही.

परत अशोक चौकात.
फुल एचडी, एमपीफोर, बिटरेट निम्मा.
पट्टी सरकत होती टक्क्याटक्क्यानं,
बाहेर डांबर मऊ झालेलं.

दुसऱ्यांदा चित्र लख्ख:
गेल्या चैत्रातला राजय्या
मागावर वाकलेला,
भुवयांवर कापसाची भुकटी,
चादरीत मोर अर्धाच उतरलेला.
ती बघत राहिली. मग विचारलं,
"माग बंद हाय का?"

खडखडाट मीच पुसला होता,
आवाज स्वच्छ करताना.

तिसरी फाइल लावली
तशी भिंतीपलीकडून शेजारीण ओरडली,
आवाज कमी कर गं!

नरसम्मानं वाढवला.