दोनशे नऊनंतर

सोहारच्या बंदरामागे एक क्लिअरिंग एजन्सी,
दोन मजले, एकेचाळीस टेबलं,
आणि जिन्याखाली जुना एक्सचेंज, दोन आकडी.
उघडला तर आत झुरळं, आणि एक वाळलेली पाल.

नवा भिंतीवर ठोकला. आता तीन आकडे.
कागदावर पेन्सिलीनं मांडत बसलो,
लग्नात पंगत मांडतात तसं: कोण कुणाशेजारी, कोण कुणावर रुसलंय.
शंभरपासून वरचा मजला.
दोनशेपासून हिशेबवाले. तीनशेपासून कस्टम्स.
चारशे गोदाम, तिथे फोन उचलायला कुणाचा हात रिकामा नसतो.
शून्य ऑपरेटर. नऊ बाहेरची लाइन,
म्हणून नऊनं इथे कुणीच सुरू होत नाही.
रमझीसाहेबांना शंभर हवा होता.
त्यांच्या मेव्हण्यालाही शंभरच हवा होता.
त्याला एकशे अकरा दिला;
म्हटलं, दिसायला उंच आहे.

संध्याकाळी गेटवरचा दादमुराद आला.
बलोच, पांढरी दाढी, हातात चप्पल.
त्याच्या केबिनचा नंबर एकवीस, सव्वीस वर्षं.
भिंतीत खिळ्यानं कोरलाय,
तीनदा रंग दिला तरी वर येतो.
"वाहिद व इश्रीन," म्हणाला.
एक आधी, वीस मागून,
आमच्या एकवीससारखंच.
एवढ्यावरच मी अर्धा त्याच्या बाजूला गेलो.

मुलगी शिनासला असते, दिसत नाही तिला.
ऑफिसचा नंबर लावते, मग बोट ठेवते पाचावरच्या उंचवट्यावर,
तिथून वर दोन, डावीकडे एक.
"शिकेल की ती नवा," रमझीसाहेब म्हणाले.
"शिकेल," दादमुराद म्हणाला, आणि उठला.
भांडला असता तर मला सोपं गेलं असतं.

आमच्या देवरुखच्या घरी पाच आकडी फोन होता.
मग सरकार म्हणालं, आधी दोन लावा.
आईनं डायरीत शेवटपर्यंत पाचच ठेवले,
तो दोन ती तोंडानं म्हणायची.

अडचण साधी आहे.
एकवीस राखला, तर कुणी दोनशे दहा लावताना
दोन झाला, एक झाला, की मशीन धावत सुटतं गेटकडे.
शून्य ऐकायला थांबत नाही.
कुणाचा अख्खा नंबर
दुसऱ्याच्या नंबराची सुरुवात असून चालत नाही.
पुस्तकात हे एका ओळीत आहे,
रमझीसाहेबांना समजवायला दोन चहा लागले.
मशीनला चार सेकंद थांब असं सांगता येतं, तेही सांगितलं.
पण मग ती मुलगी दर वेळी चार सेकंद
त्या शांततेत उभी राहणार,
लागला का, चुकला का.

रात्री खोडरबर घेतलं
आणि दोनशे दहा ते दोनशे एकोणीस पुसून टाकले.
हिशेबवाल्यांची रांग आता दोनशे नऊला थांबते,
दोनशे वीसला पुन्हा सुरू होते,
वावरातलं झाड राखायला नांगर वळसा घालतो तशी.

सकाळी यादी लागली. कुरियाकोस,
जो दोनशे दहा व्हायचा तो दोनशे वीस झाला होता,
चष्मा वर करून बराच वेळ वाचत राहिला.
"हे दहा जण कुठे गेले?"
"टेक्निकल," मी म्हटलं.
आखातात या शब्दापुढे कुणी विचारत नाही.

निघण्याआधी एकेक लावून तपासायचे असतात.
बाकीचे भराभर झाले. एकवीसला आलो
तेव्हा डोळे मिटले.
उंचवटा. वर. डावीकडे.
लागला. वाजत राहिला, वाजतच राहिला.
खिडकीतून पाहिलं तर केबिन रिकामी,
दादमुराद अस्रच्या नमाजाला गेलेला,
आणि स्टुलावर फोनशेजारी
कुणाचं तरी मांजर, कान टवकारून.