ग्राफ

उंदीर नंबर सतरा.
दिवे गेले की चाकावर,
दिवे आले की कापसात नाक खुपसून गप्प.
बाहेर सोलापूरचं चव्वेचाळीस, आत बावीस.
चाकाच्या फेरीफेरीला एक काळी रेघ,
दिवसाची एक ओळ, ओळीखाली ओळ.

नव्वद दिवसांचा कागद गुंडाळून
मी दाजी पेठेत इरबत्ती मामांकडे गेले.
चादरीचे ग्राफ काढण्यात जन्म गेलेला माणूस,
मोराचा पिसारा घरं मोजून बसवणारा.
उंदीर, मेंदू, आजार, काही सांगितलं नाही.
एवढंच विचारलं, नक्षी कुठं बिघडलीय?

मी स्वतः साठाव्या ओळीवर बोट ठेवून होते.
तिथं त्याचे मागचे पाय थरथरायला लागले,
काळं पांढऱ्यात सांडलं,
भरदुपारी चाक फिरायला लागलं.

मामांनी चष्मा कपाळावर चढवला,
कागद नाकाशी नेला,
आणि बोट वर सरकवत राहिले,
माझ्या बोटाच्या कितीतरी वर.
"इथं."
एकविसावी ओळ.

"काठ बघ. रोज अर्धं घर आत येतोय.
मधली नक्षी शाबूत, म्हणून तुला कळलं नाही.
माल फाटायच्या आधी काठ सुटतो, पोरी."

खालून कुणाच्या तरी मागाची खटखट येत होती.
बशीत चहा ओतत त्यांनी विचारलं,
"विणतंय कोण हे?"
आहे एक, म्हटलं. रात्रपाळीचा.
"त्याला सांग, झोप नीट घे म्हणावं."

सांगते, म्हटलं.
सकाळी साडेनऊला
त्याचा मेंदू काचेवर घ्यायचा होता.