अकरावा मजला

चिआतुरात, आमच्या इमारतीत,
लिफ्टला नाणं लागायचं.
शाळेची शेगडी त्या हिवाळ्यात बंद होती,
खडू बोटांत राहीना,
म्हणून नातेला बाई आम्हा सहा जणांना घेऊन
सरळ लिफ्टपाशी आल्या.
म्हणाल्या, हे फलन. खिसे काढा.

लुखुमीने खिसा उलटा केला.
दहा तेत्री: गिळलं.
वीस: गिळलं.
आजोबांचा जुना कोपेक: खण्ण, परत.
कोटाची गुंडी: परत.
"ती जे घेते तेवढाच तिचा डोमेन.
बाकीच्याबद्दल तिला विचारूच नये.
उणे चारला वर्गमूळ विचारतो का आपण?"
"मी विचारलं होतं," लुखुमी म्हणाला, "काल."
बाई हसल्या. हसू वाफ होऊन दिसलं.

नाण्यांचं संपलं. आता बटणं.
सातच्या जागी नुसतं भोक, दोन तारा.
सात डोमेनबाहेर, हात लावू नका.
दहा दाबलं: दहा.
बारा दाबलं: बारा.
अकरा दाबलं: तरी बारा.
"दोन बटणं एकाच दारी गेली तर चालतं.
पण एकच बटण आज नऊ, उद्या तीन म्हणालं,
तर ती लिफ्ट नव्हे, सरकार."

मी वहीत लिहिलं:
अकरा, डोमेनमध्ये आहे.
अकरा, रेंजमध्ये नाही.
पुसलं. पुन्हा लिहिलं.
अकरावर त्सियाला राहायची,
वीस वर्षं खाणीचा रोपवे चालवलेली,
आता गुडघ्यांनी घरात बसवलेली.
इमारतीला मजला होता,
मजल्याला दार, दाराला माणूस,
आणि कुठलंही बटण तिथे पोचत नव्हतं.

"बाई, मग ती?"

बाईंनी आम्हाला अंगणात नेलं, मान वर करायला लावली.
गॅलरीत कप्पी होती, रोपवेचीच असणार,
दोरीला टोपली.
कुणी पाव ठेवला: अकरा.
कुणी मीठ, विजेचं बिल: अकरा.
काहीही घाला, उत्तर एकच.
"स्थिर फलन," बाई म्हणाल्या,
आणि रुमालात नाक शिंकरलं. थंडी होती.

लुखुमीने तो कोपेक टोपलीत टाकला.
दोरी ताणली,
टोपली भिंतीला आपटत, फिरत, वर गेली.
आम्ही बराच वेळ उभे होतो.
परत आलं नाही काही.